चार तारांचा ठेका आणि बोटांची कसरत

वाद्यांच्या एखाद्या मोठ्या दुकानात सुट्टीच्या दिवशी तासभर उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. विशी-बाविशीतला एखादा मुलगा भिंतीवरची बेस गिटार उतरवून घेतो, अ‍ॅम्प्लिफायरला जोडतो आणि अंगठ्याने तारांवर सटासट थापा मारत, मध्येच बोटाने तार ओढून सोडत अर्ध्या मिनिटात शे-दोनशे सूर उधळतो. आजूबाजूची माणसे वळून पाहतात. कोणी मोबाइल वर करून चित्रीकरण करतो. पाय मात्र कोणाचाच हलत नाही. थोड्या वेळाने दुसरा कोणी येतो, तीन-चार सुरांची एक ओळ धरतो आणि तीच घोळवत राहतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही; पण काउंटरवर बिल करणाऱ्याची मान नकळत डोलू लागलेली असते.

बेसवादकांमधला हा वाद जुना आहे. थोडक्या सुरांत गाणे पेलून धरायचे, की बोटांची करामत दाखवायची? बरीच वर्षे तो आवडीनिवडीचा प्रश्न मानला गेला. गेल्या वीसेक वर्षांत मात्र मेंदू आणि श्रवण यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांनी त्यात लक्ष घातले आहे. हाती आलेली माहिती संगीतापुरती राहिलेली नाही. वादकांची बोटे आणि कान यांच्याशी तिचा संबंध आहेच, शिवाय कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांच्या चालण्याशीही आहे.

सुरुवात वाद्यापासून करू. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. त्याआधी हे काम माणसाच्या उंचीच्या डबल बेसकडे होते. ते वाद्य अवजड, आवाजात दबणारे आणि पडदे नसल्याने नेमका सूर शोधायला लावणारे. फेंडर यांनी पडदे बसवले, सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. चार तारांपैकी सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून ऐकतो, म्हणजे हे वाद्य ऐकण्याच्या तळमजल्यावर राहते.

या तळमजल्याचे काही नियम आहेत. ४१ हर्ट्झच्या एका कंपनाला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले, तर प्रत्येक सुराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात या तारेची जेमतेम पाच कंपने होतात. लय दुप्पट केली तर अडीच. सूर कोणता हे ठरवायला कानाला काही कंपने तरी मिळावी लागतात. वरचे उपस्वर मदतीला येतात हे खरे. मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून मूळ खर्ज बाहेर पडतच नाही, तरी आपल्याला बेस ‘ऐकू’ येतो, तो मेंदूने उपस्वरांवरून केलेल्या अंदाजामुळेच. पण खालच्या पट्टीतले जलद सूर प्रत्यक्षात गढूळ होतात. त्यात ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक. बंदिस्त सभागृहात ती भिंतींवर आपटून घुमत राहते आणि पुढच्या सुराच्या अंगावर येते. करामती वादक हळूहळू मानेवरून वरच्या पडद्यांकडे सरकतात, त्यामागे हेही कारण आहे. तिथे सूर मोकळे ऐकू येतात, पण तिथे वाद्याचे मूळ काम सुटते.

दुसरा नियम कानाच्या रचनेतून येतो. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत एक पातळ पडदा असतो. उंच सूर त्याच्या सुरुवातीलाच आपले काम आटोपतात. खर्जाची लहर मात्र सगळा पडदा ओलांडून पार टोकापर्यंत जाते. त्यामुळे मोठ्या आवाजातला खर्ज वरच्या सुरांना जसा झाकतो, तसे वरचे सूर खर्जाला झाकू शकत नाहीत. बेसवादक सतत वाजवत राहिला, तर गायकाचे शब्द आणि गिटारची धून त्याखाली दबते. त्याने एखादी मात्रा मोकळी सोडली, की बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा मिळते.

मग लय सांभाळण्याचे काम खर्जाकडेच का? भारतात डग्गा, आफ्रिकेत मोठे ढोल, पाश्चात्त्य बँडमध्ये बेस आणि किक ड्रम. जगभर ही वाटणी दिसते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात लॉरेल ट्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचे एक उत्तर दिले. लोकांना एक खालचा आणि एक वरचा असे दोन सूर एकाच वेळी, ठरावीक अंतराने ऐकवले. मधूनच त्यातला एक सूर ५० मिलिसेकंद लवकर वाजवला. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूची प्रतिक्रिया नोंदवली. वरचा सूर लवकर आला तर मेंदू दचके, पण खालचा लवकर आला तर अधिक दचके. ठोक्याबरोबर बोट टेकवायला सांगितले, तेव्हाही खालच्या सुराची चूक बोटांना जास्त ओढून नेई. कानाच्या कार्याचे संगणकीय प्रारूप वापरून संशोधकांनी दाखवले, की हा फरक बहुधा आतल्या कानातच सुरू होतो.

याचा वादकाच्या भाषेतला अर्थ असा, की एकल गिटारवादक किंचित घाईत आला तर श्रोता ते खपवून घेतो, बेसवादकाची घाई सगळ्यांच्या पायांना कळते. जितके सूर जास्त, तितक्या अशा चुकांच्या जागाही जास्त.

याच विद्यापीठातला २०२२ चा प्रयोग तर फारच गमतीचा. तिथल्या सभागृहात ‘ऑर्फेक्स’ या जोडीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा कार्यक्रम ठेवला. प्रेक्षकांच्या डोक्याला हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या बांधल्या आणि ८ ते ३७ हर्ट्झचा अतिखर्ज देणारे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. स्पीकर चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के अधिक हालत होते. आणि हे स्पीकर चालू आहेत की बंद, हे त्यांना ओळखता येत नव्हते! म्हणजे खर्ज त्वचेला आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला स्पर्श करत असावा आणि मनाला न विचारता शरीर त्याला उत्तर देत असावे. संशोधकांचा कयास तरी तसा आहे. विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकासमोर उभे राहून ज्यांनी छातीत ठोका अनुभवला आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

साधे म्हणजे किती साधे?

ऐकताच अंग हलवावेसे वाटणे आणि त्यात सुख वाटणे, याला संशोधक ‘ग्रूव्ह’ म्हणतात. मराठीत ‘ठेका लागला’ म्हणतो, त्याच्या जवळचेच हे. पण साधेपणा वाढवत नेला की ग्रूव्ह वाढतो, असे नाही. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना ड्रमचे ५० तुकडे ऐकवले. काहींत सगळे आघात अपेक्षित जागी होते, काहींत ते मात्रेच्या मधोमध, अनपेक्षित जागी होते, तर काहींत इतके विखुरलेले, की मूळ मात्रा शोधावी लागे. सर्वाधिक पसंती मधल्या गटाला मिळाली. आलेख उलट्या ‘यू’सारखा. फार सरळ ठेका मेंदूला कंटाळवाणा वाटतो, कारण पुढे काय हे आधीच ठाऊक असते. फार गुंतागुंत झाली तर भाकीत करायला आधारच उरत नाही. हा अभ्यास ड्रमचा होता, बेसचा नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे. पण मुद्दा लागू पडतो, कारण मेंदू सतत पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधत असतो आणि ग्रूव्हची मजा त्या अंदाजाला हलकेच चकवण्यात आहे.

अमेरिकेतल्या दोन बेसवादकांची उदाहरणे इथे घ्यायला हवीत. मेंफिसच्या स्टॅक्स स्टुडिओतले डोनाल्ड ‘डक’ डन यांनी आधी गिटार हाती घेतली होती. सहा तारा जास्त वाटल्या म्हणून ते चारवर आले, असे ते गमतीने सांगत. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह यांच्या गाण्यांत त्यांनी जे वाजवले, ते कागदावर लिहिले तर नवशिक्याचा धडा वाटावा. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीतले जेम्स जेमरसन यांची गोष्ट वेगळी. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते तारा छेडत; सहकारी त्या बोटाला ‘हुक’ म्हणत. १९६४ च्या ‘माय गर्ल’ या गाण्याची सुरुवात त्यांनी मोजक्या सुरांवर तोलली, आणि त्याच बोटाने १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये वळणावळणाच्या, भरगच्च ओळी वाजवल्या. त्या भरगच्च ओळीही कधी गाण्याच्या पुढे जात नाहीत. त्या काळी वादकांची नावे तबकडीवर छापत नसत. ‘हे वाजवतोय कोण’ हे कित्येक श्रोत्यांना वर्षानुवर्षे माहीतच नव्हते.

अंगठ्याच्या थापांची म्हणजे ‘स्लॅप’ची कथा तर या वादालाच टोला देणारी आहे. आज हे तंत्र दिखाऊपणाचे प्रतीक मानले जाते. ते रूढ केले लॅरी ग्रॅहम यांनी, आणि तेही गरजेपोटी. तरुणपणी ते आईबरोबर छोट्या कार्यक्रमांत वाजवत; सोबत ड्रमवादक नव्हता. किक ड्रमची जागा भरायला त्यांनी अंगठ्याने तारेवर ठोका मारला आणि स्नेअरची जागा भरायला बोटाने तार ओढून सोडली. म्हणजे ज्याला कसरत म्हणून नाके मुरडली जातात, ती ठेका धरण्यासाठीच जन्मली. जॅको पॅस्टोरियस यांनी १९७६ मध्ये आपल्या पहिल्या अल्बममधून या वाद्यावर काय काय शक्य आहे ते दाखवले आणि वाद्याची ओळखच बदलली. तेही ठेक्यात कच्चे नव्हते. आपल्या मुंबईची मोहिनी डे हिच्या बोटांचा वेग पाहून जगभरचे वादक थक्क होतात; पण ए. आर. रहमान यांच्यासारख्या संगीतकारांच्या साथीला बसायचे, तर नुसता वेग पुरत नाही. तंत्राशी खरे तर कोणाचेच भांडण नाही. भांडण आहे ते तंत्र कोणत्या वेळी बाहेर काढायचे याचे.

आणि ‘साधे’ म्हणजे ‘सोपे’ हा गैरसमजही दूर व्हायला हवा. ठरावीक ठोक्याबरोबर बोट टेकवायला सांगितले, तर प्रशिक्षित संगीतकारांच्या वेळेतली घट-वाढ मात्रेच्या सुमारे दोन टक्क्यांपर्यंत खाली येते. मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल, तर ती अवघी दहा मिलिसेकंद. संगीत न शिकलेल्यांत ती किमान दुप्पट असते. लय मंद झाली, की सगळ्यांचीच अचूकता घटते, कारण दोन ठोक्यांमधली पोकळी मेंदूला स्वतःच मोजावी लागते. विलंबित ख्यालात संथ ठेका धरून बसणाऱ्या तबलजीला विचारा. द्रुत लयीतल्या तुकड्यांना टाळ्या मिळतात, घाम विलंबितात फुटतो. बेसवर तर आणखी एक काम असते, ते सूर थांबवण्याचे. तार छेडणे सोपे, ती नेमकी कधी दाबून गप्प करायची हे अवघड. तीच ओळ, तेच सूर. पण प्रत्येक सूर थोडा आखूड केला, की गाणे उड्या मारू लागते.

काही वादकांचे म्हणणे असते, की मात्रेच्या किंचित मागे-पुढे वाजवण्यातच ग्रूव्ह आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ड्रमच्या ठेक्यांत असे मिलिसेकंदांचे फरक मुद्दाम घालून पाहिले. श्रोत्यांनी सर्वाधिक पसंती दिली ती काटेकोर ठेक्याला. हे वादकांच्या पचनी पडलेले नाही आणि वाद अजून मिटलेला नाही.

बोटांची किंमत

आता आरोग्याकडे. बेसच्या तारांची लांबी ३४ इंच म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. साध्या इलेक्ट्रिक गिटारची ६५ च्या आसपास. पडदे लांब लांब, तारा जाड, एकेका तारेवर साधारण १६ ते २० किलोंचा ताण आणि खांद्यावर चारेक किलोंचे ओझे. त्यात पाहायला छान दिसते म्हणून वाद्य पार मांडीपर्यंत खाली लोंबवले, तर मनगट काटकोनात वाकते. वाकलेल्या मनगटातून स्नायूबंध वेगाने मागे-पुढे सरकत राहिले, की सूज, मुंग्या, अंगठ्याच्या मुळाशी दुखणे सुरू होते. संगीतकारांमध्ये अशी दुखणी फार आढळतात आणि त्यांचे एक ठळक कारण म्हणजे सराव अचानक वाढवणे. कार्यक्रम आठवड्यावर आला म्हणून एक तासाचा रियाज एकदम चार तासांवर नेला, की शरीर हिशेब मागते.

याहून गंभीर दुखणे मेंदूचे आहे. त्याला ‘फोकल डिस्टोनिया’ म्हणतात. यात बोट दुखत नाही. ते फक्त ऐकेनासे होते. वाजवायला घेतले की एखादे बोट आपोआप आत वळते किंवा ताठ होते. तोच हात पेन धरताना, चहा ओतताना ठीक चालतो. व्यावसायिक संगीतकारांत साधारण शंभरात एकाला हा त्रास होतो. मेंदूत प्रत्येक बोटाचा जणू वेगळा नकाशा असतो. अतिजलद, अतिअचूक हालचाल हजारो वेळा घोटली, की काहींच्या मेंदूत शेजारच्या बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळतात. परिपूर्णतेचा ध्यास आणि चिंता असलेल्यांना धोका अधिक असतो, असेही दिसले आहे. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकात असाच गेला. पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी मुख्यतः डाव्या हातासाठी लिहिलेले संगीत वाजवले. नंतर बोट्युलिनम इंजेक्शनसह इतर उपचारांनी ते पुन्हा दोन्ही हातांनी मंचावर आले. पूर्ण बरे होणे आजही सहज घडत नाही. म्हणून बोट अडखळू लागले, तर आणखी जोर लावून सराव करणे हा उपाय नव्हे. आधी थांबायचे आणि मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायचे.

रोजच्या सरावासाठी नियम साधेच आहेत. सुरुवातीची दहा मिनिटे संथ वाजवावे. दर अर्ध्या तासाने वाद्य खाली ठेवावे. पट्टा असा बांधावा, की उभे असताना आणि बसल्यावर वाद्य एकाच उंचीवर राहील आणि मनगट सरळ राहील. सरावाची वेळ आठवड्यागणिक थोडी थोडी वाढवावी. दुखणे ही प्रगतीची खूण आहे, ही व्यायामशाळेतली समजूत इथे आणू नये.

कानांचे काय? आपला कान खर्जाच्या बाबतीत मंद असतो. १००० हर्ट्झचा सूर जवळजवळ शून्य डेसिबलला ऐकू येतो, तर ४० हर्ट्झचा ऐकू यायला सुमारे ५० डेसिबल लागतात. म्हणून बेसवादकाचा हात सारखा आवाजाच्या बटणाकडे जातो. मग ड्रमवादक जोरात वाजवतो, गिटारवाला वाढवतो आणि छोट्या खोलीतला सराव शंभर डेसिबलच्या घरात पोचतो. ८५ डेसिबलला आठ तास चालू शकतात. पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. यातली मेख अशी, की आवाजाने होणारे नुकसान आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या टापूत दिसते. वादकाला आपला बेस छान ऐकू येत राहतो. हरवतात ते बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’. घरच्यांशी बोलताना ‘काय म्हणालीस?’ वाढते, रात्री कानात शिट्टी वाजते, तेव्हा उशीर झालेला असतो. संगीतकारांसाठीचे खास इअरप्लग सगळ्या पट्ट्या समान कमी करतात, त्यामुळे सूर बोथट होत नाहीत. संपूर्ण वाद्यवृंदाने आवाज कमी ठेवला, तर उत्तमच. पण तो विषय तह करण्याइतका नाजूक असतो.

पाय उचलण्यासाठी

ठेक्याच्या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग दवाखान्यात आहे. जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ मध्ये दाखवले, की माणूस निश्चल पडून नुसता ठेका ऐकत असला, तरी मेंदूतले हालचालींचे विभाग जागे होतात. त्यांत खोलवरचे ‘बेसल गँग्लिया’ही येतात, आणि कंपवातात बिघाड होतो तो नेमका याच भागात. या रुग्णांना आतून लय मिळत नाही. पावले आखूड होतात, दारात किंवा वळणावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. बाहेरून स्पष्ट ठोका दिला, तर मेंदूला जणू वळसा घालून जाणारा दुसरा रस्ता सापडतो. अमेरिकेत मायकेल थॉट यांच्या गटाने १९९६ मध्ये ठळक ठोक्याच्या संगीताबरोबर तीन आठवडे चालण्याचा सराव घेतला. रुग्णांचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला, पावलाची लांबीही वाढली. तेव्हापासून अनेक ठिकाणी फिजिओथेरपीत ही पद्धत वापरली जाते.

इथे कोणते संगीत लावायचे, हा प्रश्न येतो आणि वादकांचा जुना वाद वेगळ्या रूपात समोर उभा राहतो. बोट कुठे टेकवावे हेच न कळणारी करामतीची धून चालायला उपयोगी नाही. ठोका ठळक, पुनरावृत्ती भरपूर आणि खर्ज स्पष्ट असलेले गाणे हवे. शिवाय ते रुग्णाच्या ओळखीचे असले, तर पुढचा ठोका त्याला आधीच ठाऊक असतो. निरोगी माणसाची चालही मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलांची असते आणि अंग हलवायला लावणारी बरीच गाणी याच लयीत सापडतात.

घरी हे करून पाहायचे असेल, तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोलावे. रुग्णाची नेहमीची पावले मिनिटभर मोजावीत आणि तेवढ्याच किंवा जरा अधिक लयीचे गाणे निवडावे. पहिले काही दिवस घरातल्या मोकळ्या जागेत, सोबत कोणी असताना चालावे. रस्त्यावर इअरफोन लावून नव्हे. पाय अडला, तर ओढून पुढे टाकायचा नाही. उभे राहायचे, दोन-तीन ठोके ऐकायचे आणि पुढच्या ठोक्यावर पाऊल उचलायचे.